वन्सं, तुमच्या भावाला आवरा

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली चक्कर येते, तेव्हा हा नमस्कार खुर्चीत बसूनच केलाय, गोड मानून घ्या.) तुमचे गुडघे काय म्हणतात? जिना चढवतो का? मी बरी आहे. म्हणजे कर्करोग आहे, केमो चालू आहे, तोंडाला चव नाही आणि डोक्यावर केस नाहीत. पण या सगळ्यातून माणूस निभावून जातो, असं आमच्या डॉक्टरबाई म्हणतात. तुमच्या भावाच्या तावडीतून कसं निभावायचं, याबद्दल मात्र त्या अवाक्षर काढत नाहीत. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

जन्मभर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर असलेला माणूस निवृत्त झाला की त्याला कुणाची तरी सेफ्टी लागते. मी घरबसल्या आयती सापडले. पहिल्या केमोआधी सिस्टरनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावलं: मळमळेल, तोंड येईल, थकवा येईल, बोटांना मुंग्या येतील, आणि काय झालं की काय करायचं. मी घाबरून ऐकत होते आणि हे नवीन बॉयलर येणार असल्यासारखी मान डोलवत होते. घरी परत येतो तोच भिंतींवर नोटिसा लागल्या. न्हाणीघराच्या दारावर 'पाय घसरण्याचा संभव', आरशावर 'मऊ ब्रशच वापरावा', आणि माझ्या शिवणयंत्रावर 'विश्रांतीची वेळ'. (कुठली वेळ, ते लिहिलेलं नाही. म्हणजे सदासर्वकाळ.)

सिस्टरनी सांगितलं होतं की मळमळीची गोळी मळमळ सुरू व्हायची वाट न बघता, सांगितलेल्या वेळीच घ्यायची आणि एकदम पोटभर न जेवता थोडं थोडं खायचं. गोळीचं खरं निघालं, उलटी फारशी झाली नाही. पण ते 'थोडं थोडं' यांनी असं काही मनावर घेतलंय की मी बोलायला तोंड उघडलं, की त्यात बिस्किट येतं. गेल्या महिन्यापासून माझं एक वाक्य पुरं झालेलं नाही. बरं, स्टीलचा चमचा तोंडात घातला की गंजका खिळा चोखल्यासारखं लागतं, म्हणून सिस्टर म्हणाल्या, लाकडी चमचा वापरून बघा. यांनी आणला तो पातेलं ढवळायचा. सूप पिताना मी नाव वल्हवतेय असं वाटतं. तोंड आलंय म्हणून मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या करायच्या असतात, तर हे दाराबाहेर उभे राहून ऐकतात आणि 'नीट ऐकू आली नाही, परत कर' म्हणतात!

तुम्ही प्रेमाने पाठवलेल्या पावडरीचंही सांगून टाकते. राग मानू नका. ती डबी हे थेट डॉक्टरबाईंच्या टेबलावर घेऊन गेले. बाई म्हणाल्या, उपचार चालू असताना आम्हाला विचारल्याशिवाय असलं काही पोटात घालायचं नाही, औषधांशी त्याचं काय जमेल सांगता येत नाही. डबी आता कपाटावर आहे. माझ्या मामेबहिणीचा काढाही तिथेच आहे. दोघांचं छान जमलंय.

केस गेले त्याचं मला वाटलं होतं तेवढं वाटलं नाही. (खोटं. वाटलं. पण ते जाऊ दे.) टोप आणला, तो डोक्याला टोचायचा, म्हणून माझ्या शिवणाच्या दुकानातल्या पुतळीला घातला. एक जुनं गिऱ्हाईक आलं आणि पुतळीकडे पाठीमागून बघत कोटाच्या बाह्यांबद्दल किती तरी वेळ बोलत राहिलं. शेवटी, 'आज रागावलात वाटतं,' म्हणून निघून गेलं. मी पडद्याआड पोट धरून हसत होते. तेवढ्यात तोंडात बिस्किट आलं.

आता मुख्य भांडण ऐका. माझी बोटं बधिर झाली. सुई टोचलेली कळायची नाही, कापडावर लाल ठिपका दिसला की मग कळायचं. मी कुणाला बोलले नाही. वाटलं, सांगितलं तर औषध कमी करतील आणि दुखण्याला तेवढीच सवड मिळेल. एकदा यांच्या शर्टाला बटण लावायला घेतलं आणि बटणाबरोबर खिसाही शिवून टाकला. यांनी तो तसाच घातला. पण पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी 'काही त्रास?' असं विचारल्यावर मी 'नाही' म्हणायच्या आत हे म्हणाले, "हिच्या बोटांना कळत नाही." मी टेबलाखालून चिमटा काढला. किती जोरात काढतेय, ते बोटांना कळलंच नाही! हे ओरडले, सिस्टर धावत आल्या. बाई म्हणाल्या, वेळेवर सांगितलंत, दुर्लक्ष केलं असतं तर बधिरपणा कायमचा राहायचा. आता औषधाचं प्रमाण बदलून बघू, आणि गरम नि धारदार वस्तूंपासून जपा. झालं! त्याच दुपारी माझी इस्त्री आणि कात्री जप्त.

त्यानंतर ताप. दुपारी कोट उसवत बसले होते (कात्री नाही, म्हणून दातांनी) आणि हुडहुडी भरली. मला वाटलं पंख्याने. यांनी तापमापक लावला, साडेशंभर.

"एवढ्याशा तापाचं काय कौतुक? गोळी घेते नि पडते," मी म्हटलं.

"गोळी नाही. आधी हॉस्पिटल."

"हा कोट उद्या द्यायचाय!"

"तो कोट घालून मी स्वतः जातो गिऱ्हाइकाकडे. तू ऊठ."

कधीची भरून ठेवलेली पिशवी उचलली, एक चप्पल त्यांची आणि एक माझी घातली आणि मला रिक्षात कोंबलं. वाटभर मी भांडत होते. तिथे रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशींनी तळ गाठलेला. ताबडतोब सलाइनमधून औषध सुरू झालं. बाई म्हणाल्या, घरी गोळीने ताप दाबून झोपला असतात, तर सकाळी अवघड होतं.

तुमचे बंधू खुर्चीत बसून होते. 'बघ, मी म्हटलं होतं,' असं एकदासुद्धा म्हणाले नाहीत. वन्सं, मला राग आला तो याचाच. तसं म्हणाले असते, तर मला भांडता तरी आलं असतं.

तेव्हा फोन करून थोरलेपणाने खडसवा: नोटिसा काढ, कात्री दे, बायकोला बोलू दे.

तुमची,
गांजलेली भावजय

ता.क. खडसवू नका.

आणखी ता.क. हॉस्पिटलातून आल्यापासून यांच्या आंघोळी फार लांबतात. काल चहाला हाक मारायला गेले, तर नळ सोडलेला आणि त्याच्या आवाजाखाली दुसरा आवाज. बाहेर येऊन म्हणाले, साबण गेला डोळ्यांत. सगळ्या पँटी सैल झाल्यात त्यांच्या. मी टेप लावून बघितलं, माझ्यापेक्षा तेच जास्त उतरलेत. मला थोडं थोडं भरवतात, स्वतः जेवतात की नाही देव जाणे. माझ्यासमोर ते ऑफिसरच असतात. तुमच्यासमोर घटकाभर धाकटा भाऊ होऊ द्या त्यांना. माझ्यासाठी येऊ नका, मी तक्रारी करण्याइतकी ठणठणीत आहे.

शेवटचं. आत्ताच हे मागे येऊन उभे राहिले, काय लिहितेस म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या कागाळ्या. तर म्हणाले, "लिही. आणि माझं उत्तम चाललंय म्हणूनही लिही, ताईला काळजी नको."

लिहिलं. तुम्ही मिळेल त्या गाडीने निघा.