डुलकी दिनाची जन्मकथा

ता. ६ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि त्याच वेळी कुणाला तरी चहा आणायला सांगतोस, म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

तुमच्या जाहिरात कंपनीने गादीवाल्यांसाठी काढलेला तो डुलकी दिन यंदा आमच्या गल्लीतही पोचला. सरकारी सुट्टी नाही, कॅलेंडरात नाही, तरी बँकेपासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत सगळे कपाळावर रबरी शिक्का मारून दुपारी टेबलावर आडवे. आणि पेपरात त्या दिवसाची जन्मकथा: पाणीपुरवठा कचेरीतला कारकून खिडकीवर बसल्याबसल्या झोपला, डोकं शिक्क्यावर पडलं, कपाळावर ‘पोहोचले’ असं उमटलं आणि स्वारी तशीच हसत घरी गेली. शेजारी बाबांचा फोटो. विचारलं होतंस त्यांना?

त्या दिवसापासून बाबा दुपारचे झोपत नाहीत. हृदयाचं दुखणं झाल्यावर डॉक्टरांनी दुपारची झोप औषधासारखी घ्यायला सांगितली होती, हे तुलाही माहीत आहे. पण समोरचा शिंपी येता-जाता खिडकीतून डोकावतो, म्हातारा झोपलाय का बघायला, आणि आणखी दोघांना बोलावून दाखवतो. म्हणून बाबा दाराजवळच्या लाकडी खुर्चीत ताठ बसून राहतात. पाय सुजलेत. विचारलं तर म्हणतात, झोपच येत नाही. तेवढा फोटो आणि ती गोष्ट काढून टाक रे.

लोभ आहेच, तो असाच टिकव.

तुझी ताई

—

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू घरात राहून पुरती हेडमास्तरीण झालीस. अगं, सगळा देश बाबांवर जीव टाकतोय आणि तू शिंप्याचं काय घेऊन बसलीस? खिडकीला पडदा लाव.

आणि ही गोष्ट मी पदरची रचलेली नाही. बाबांनीच सांगितली आपल्याला. ताटावर कपाळ टेकून घोरायची नक्कल करायचे आणि मी लोळून लोळून हसायचो, आठवतं ना? त्यांना लाज वाटत असती तर त्यांनी ती इतक्या वेळा सांगितली असती का?

आता खुशखबर. पुढच्या वर्षी मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे. स्टेजवर गादी आणि गादीवर खुद्द बाबा! त्यांनी फक्त डोळे मिटून पडायचं. आमचे साहेब माझ्यावर बेहद्द खूश आहेत. हे जमलं तर माझ्या हाताखाली अख्खा विभाग येईल. तू तेवढं त्यांना राजी कर. तुझं ते ऐकतात.

लहान भाऊ समजून रागावू नये, ही विनंती.

तुझा ठोंब्या

—

ता. २ मार्च

चि. ठोंब्यास, अनेक आशीर्वाद.

हे मी तुला कधी सांगणार नव्हते. तू तेव्हा पहिलीत होतास. आई दवाखान्यात होती. बाबा रात्रभर तिच्या खाटेशी बसायचे आणि सकाळी तिथूनच कचेरीत जायचे. ती आता घरी येणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना ज्या सकाळी सांगितलं, त्याच दुपारी ते खिडकीवर झोपले.

त्यांच्या साहेबाने सगळ्या कचेरीला गोळा केलं. रांगेतल्या लोकांनाही टाळ्या वाजवायला लावल्या. बाबा जागे झाले तेव्हा त्यांना काहीच कळेना. समोर सगळे टाळ्या वाजवताहेत म्हणून ते उभे राहिले आणि स्वतःही टाळ्या वाजवायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांना खिडकीवरून उठवून तळघरातल्या जुन्या कागदांत बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. आई गेल्यावर भेटायला आलेल्या त्यांच्या कचेरीतल्या शिपायाने हे मला सांगितलं. सांगताना तो रडत होता.

टाळ्या वाजल्या त्याच दिवशी संध्याकाळी तू दारात उभा राहून आई कधी येणार म्हणून विचारत होतास. त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि कपाळावरच्या शिक्क्याची गंमत तिथल्या तिथे रचली. तू हसलास. मग तू जेव्हा जेव्हा आईचं नाव काढलंस, तेव्हा तेव्हा त्यांनी ती सांगितली.

मला हे ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही. तूही पोटात ठेव. आणि ते सगळं थांबव रे.

तुझी ताई

—

ता. १४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडलो. मग तडक साहेबांकडे गेलो, पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की हे बंद करा. त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांचेही डोळे भरून आले. म्हणाले, आपल्या या दिनात इतकी वर्षं हेच कमी होतं.

आता डुलकी दिन आजाऱ्याच्या उशाशी जागणाऱ्यांच्या नावाने होईल. मी विरोध केला, खरंच केला. पण ताई, विचार कर, आता बाबांना कुणी हसणार नाही. तुला तेच हवं होतं ना? शेवटी अख्खं सभागृह उभं राहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवेल. आईचा फोटो लागेल. बाबांनाही मी वेगळं पत्र टाकलंय.

समजून घे. तुझ्या मायेचा भुकेला,

ठोंब्या

—

ता. २५ मार्च

चि. भावास,

बाबांनी तुझं पत्र वाचलं. ‘टाळ्यांचं त्याला कुणी सांगितलं?’ एवढंच मला विचारलं. मी म्हटलं, मी.

मग भिंतीवरचा आईचा फोटो उतरवून, काच बाहीने पुसून माझ्या हातात दिला. पोराचं काम अडायला नको, म्हणाले. मी भांडले, ओरडलेसुद्धा. उपयोग झाला नाही. सोबत फोटो पाठवते आहे. आपल्याकडे दुसरा नाही. स्टेजवर मात्र ते येणार नाहीत.

तुला जे कळतं ते सगळ्या देशाला कळतं. म्हणून यापुढे या घरातलं काहीही मी तुला लिहिणार नाही. पत्राला उत्तर येईल, त्यात बातमी नसेल.

ताई

—

ता. ११ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. शिंप्याने कळवलं की परवा आपल्या दाराशी रुग्णवाहिका उभी होती आणि तेव्हापासून घराला कुलूप आहे. बाबा कसे आहेत? कुठल्या दवाखान्यात आहेत? रजा मिळाली की लगेच निघतो. ताई, मी कुणालाही सांगणार नाही, शपथ. पाया पडतो, खरं काय ते लिही.

तुझाच,
ठोंब्या

—

ता. १८ जून

चि. भावास, आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक आहे. बाबा ठीक आहेत. मीही ठीक आहे. तुझी खुशाली कळवावी.

लोभ असावा.

ताई