शेवटच्या भागापासून

तुम्हाला तर सवयच होती बाबा, न विचारता सांगायची. लग्नाच्या पंगतीत मी जिलबीकडे पाहून राह्यलो असायचो आणि तुमचं सुरू. तो फेटेवाला तुझ्या मामाचा साडू, ती त्याची धाकटी, तिले नेरला दिली. कळंबच्या त्या लग्नात मी तोंडावरच बोललो, मले कायले सांगता, मले काय करायचं हाय. तुम्ही पत्रावळीवरून मान वर केली नाही. "करायचं काही नाही. माणूस ओळखू आला पाहिजे." मी उठून गेलो. शाळाही तशीच सोडली होती, मधातच.

आता गुजरातेत टाइलच्या कारखान्यात पेट्या भरतो. खोलीत आम्ही सात जण, सातही आपापल्या मोबाइलमध्ये. रविवारी बहिणीचा फोन येतो, पण जेवला का, जेवलो, याच्या पुढे आमच्याजवळ बोलायला काही उरत नाही. तिला त्या सुपरहिरोंच्या पिक्चरचं वेड आहे. सगळे एकमेकांत गुंतलेले, याचा माणूस त्याच्यात निघतो, त्याची गोष्ट पुढे सिरियलमध्ये जाते. म्हटलं आपणही पाहू, बोलायला तरी होईल. ज्याचं नाव सगळे घेतात तोच लावला, शेवटचा. पडद्यावर ही गर्दी जमली, एक जण मेला, बाकीचे रडले, आणि मी फुटाणे खात बसलो. सांगितलं तर ती हसत सुटली. "दादा, तू तेरवीले येऊन नवरदेव कोण म्हून विचारून राह्यला." मग तिनं यादी पाठवली, आधी कोणता, मग कोणता, कोणती सिरियल सोडली तरी चालते.

यादी राहिली बाजूला, तेरवी डोक्यातून जाईना. तुमच्या तेरवीला, तेराव्याच्या जेवणात, मंडपाच्या कडेला एक म्हातारा उभा होता, मळकं धोतर, हात रिकामे. मला वाटलं आचाऱ्याचा माणूस. बुंदीची बादली त्याच्या हातात दिली, म्हटलं वाढा. त्यानं अख्खी पंगत वाढली, मधून मधून डोळे पुसत. मी समजलो चुलीचा धूर.

परवा बहिणीला त्या म्हाताऱ्याचं विचारलं. तो मुकुटबनचा. तुमच्या लग्नाआधी तुम्ही दोघं गावोगाव विहिरी खोदत फिरायचात, एका ताटात जेवायचात. तिला तुम्हीच सांगितलं होतं, ती उठून जात नव्हती. म्हणाली, "बाबाचा पहिला भाग त्याइच्याजवळच हाय. थकले आता, आयकू पण कमी येते."

यादीतला पहिला पिक्चर काल पाहिला. उठलो नाही मधात. मंगळवारी ती आणि आई मुकुटबनला त्यांना भेटायला जाणार आहेत. मीही येतो म्हणालो, पण सुट्टी मागितलीच नाही. बादलीचंही तिला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगतो आहे. त्यांच्यासाठी मानाची दुपट्टा-टोपी घे म्हटलं, एसटीचं भाडं धरून आठशे रुपये पाठवतो आहे.