भोर–खडकमाळ पाटी आणि पहिल्या मागणीचा हक्क

मी, अमीर इमाम आतार, वय वर्षे ६८, पूर्वी एसटीचा कंडक्टर व आता निवृत्त, राहणार भोर, तालुका भोर, जिल्हा पुणे, आज रविवार दिनांक १ फेब्रुवारी २००९ रोजी हा मजकूर स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्यातून व कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे असा लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे. माझी पत्नी सुगरा हिला विचारू नये, तिचे मत चाळीस वर्षांपासून वेगळे आहे.

कलम पहिले. राहते घर व पोस्टातील ठेव यांबद्दल मी काही लिहीत नाही. पत्नी, मुलगा मतीन व मुलगी अफसाना यांचे हिस्से आमच्या शरियतमध्ये ठरलेलेच आहेत, आणि काझीसाहेबांनी मला समजावले की त्यात माझी अक्कल चालवण्याची गरज नाही. बाकी वसीयत करता येते ती मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. माझ्याजवळची एसटीची जुनी तिकिटे व गाड्यांच्या पाट्या मिळून तेवढे मुळीच होत नाही. सुगरा त्या सगळ्याला रद्दी म्हणते. सबब हे मृत्युपत्र फक्त रद्दीबद्दल आहे, घाबरून कोणी वकील करू नये.

कलम दुसरे. माझा तिकिटांचा ट्रे मतीनला द्यावा. मतीन स्वतः वारस असल्यामुळे सुगरा व अफसाना यांची त्याला लेखी संमती घेतली आहे. तिकीट पाडायचा पंच अफसानाची मुलगी अरिबा हिला द्यावा. ती वरवे गावाहून आली की पहिल्यांदा पंच शोधते व घरातल्या वर्तमानपत्राला भोके पाडते. तिला रागवू नये. मी एकतीस वर्षे तेच केले व त्याचा पगार घेतला.

कलम तिसरे. मतीनचे मला आभार मानायचे आहेत, आणि तोंडावर मानले तर तो मोबाईल काढून बघत बसतो, म्हणून इथे मानतो. निवृत्त झाल्यावर मी पाच वर्षे बुटांच्या सात खोक्यांपाशी एकटा बसून होतो. त्यांत चार हजारांवर तिकिटे. कोणाला दाखवायला गेलो की माणसे घड्याळ बघत. २००४ साली मतीनने भोरमध्ये इंटरनेटचे दुकान टाकले आणि एके दिवशी मला ओढत नेऊन मशीनसमोर बसवले. म्हणाला, "अब्बा, तुमच्यासारखी आणखी माणसं हायेत. हे बघा." खरेच होती. जुनी तिकिटे जमवणाऱ्यांचा एक गट, साठ-सत्तर माणसे, कोणी पुण्याचे, कोणी नांदेडचे, एक तर दुबईला. मी माझ्या एका पिवळ्या तिकिटाचा फोटो टाकला, तर अकरा जणांनी विचारले की त्यावरचे भोक कोणत्या टप्प्याचे आहे. त्या दिवशी घरी येऊन मी दोन वेळा जेवलो. सुगराला वाटले, तब्येत बिघडली.

कलम चौथे. माझ्या मागे खोक्यांतली तिकिटे त्याच गटात विकावीत. हे काम गट चालवणाऱ्या प्रगती शेटे, राहणार पुणे, यांनी करावे अशी माझी विनंती आहे व त्यांनी फोनवर होकार दिला आहे. येणारे पैसे सुगराचे, त्याला मतीन व अफसाना यांची लेखी संमती आहे. प्रगती माझ्या अफसानापेक्षा लहान, पण तिने मला जी इज्जत दिली ती डेपोत एकतीस वर्षांत मिळाली नाही. गटात दर रविवारी दहा वाजता विक्रीची यादी लागते. आमच्या भोरची लाईन एवढी संथ की माझ्यासमोर यादी उघडेपर्यंत पुण्याची मंडळी सगळे उचलून चहा प्यायला गेलेली असत. मी तक्रार केली नव्हती. प्रगतीनेच ओळखले आणि लिहिले की यादी लागल्यावर पहिली दहा मिनिटे कोणी मागणी करायची नाही, गावाकडच्या माणसांची मशीन उघडू द्यायची. तो नियम आजही आहे. तिचे भले होवो.

त्याच वेळी तिने मला मागणीचे बाकीचे नियम लिहून द्यायला सांगितले. म्हणाली, "चाचा, भांडणं सोडवायची सवय तुम्हाला." ते खरे होते. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, एकदा तर चपलेचा एक पाय सीटवर पडलेला मी पाहिला आहे, आणि कोणाचा रुमाल आधी पडला याचा निवाडा रोज केला आहे. तेच नियम मी यादीला लावले. माझ्या तिकिटांनाही तेच लावावेत, ते असे.

ज्याने आधी मागितले, वस्तू त्याची. मागून कोणी जास्त पैसे देतो म्हणाला तरी विकणाऱ्याने शब्द फिरवू नये. एका माणसाने एकाच रुमालावर बसावे, सगळ्या यादीवर हात ठेवून मग सावकाश निवडू नये. घ्यायचेच नसेल तर चौकशा करून रांग अडवू नये. मागणी करून विचार बदलला तर सर्वांसमोर तसे लिहावे, गुपचूप पळू नये, आणि मग वस्तू रांगेतल्या दुसऱ्याला जावी. दोन दिवसांत पैसे. जे प्रेमापोटी मागितले ते पुढच्या महिन्यात दुप्पट भावाने विकू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, जो स्वतः यादीपर्यंत पोचू शकत नाही त्याची मागणी दुसऱ्याने टाकून द्यावी, आणि टाकताना आपली बाजूला ठेवावी. हे शेवटचे वाक्य माझे आहे. गटातल्या सर्वांनी वाहवा केली होती. पुढे त्याबद्दल लिहिणार आहे.

कलम पाचवे. पुण्याचे एक सद्गृहस्थ गटात 'तिकीटसम्राट' या नावाने वावरतात. त्यांनी माझ्या नीरा मार्गाच्या तिकिटांविषयी मला सतरा प्रश्न विचारले, कडेची झीज मिलिमीटरमध्ये मोजून घेतली, आणि अठराव्या दिवशी लिहिले की मूड नाही. त्यांना माझ्या खोक्यांतले काही देऊ नये असे आधी लिहिले होते. मात्र मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन मी तीन रविवार घरी होतो, तेव्हा माझ्या आवडीची एक लॉट याच माणसाने स्वतःच्या नावावर धरून ठेवली आणि मी परत आल्यावर आहे त्या भावात मला दिली. सबब त्यांना रांगेत उभे राहू द्यावे. प्रश्न मात्र तीनच विचारू द्यावेत.

कलम सहावे. ड्रायव्हर भिमा कोंडे यांनी माझ्यासोबत एकोणीस वर्षे गाडी चालवली व त्यांपैकी अठरा वर्षे माझ्या डब्यातले लोणचे खाल्ले. त्यांना लोणच्याची एक बरणी दरवर्षी सुगराने द्यावी. ती देईलच, पण कागदावर असावे.

कलम सातवे. हे कलम लिहायला मी महिना लावला.

माझ्या बैठकीत भिंतीवर एक पत्र्याची पाटी आहे. पिवळ्यावर काळ्या अक्षरांत 'भोर – खडकमाळ'. खडकमाळ ही वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरांची वाडी. तिथे एसटी यावी म्हणून हैबती ढेबे या माणसाने अकरा वर्षे अर्ज केले. लिहिता येत नव्हते, म्हणून दर खेपेला भोरला चालत येऊन दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. १९८४ साली गाडी मंजूर झाली. पहिल्या फेरीला कंडक्टर मी, ड्रायव्हर भिमा. वाडीत पोचलो तेव्हा हैबतींनी गाडीला नाही, पाटीला हार घातला. पुढे चौदा वर्षांनी घाटात रस्ता खचला, गाडी बंद झाली, आणि पाटी कुठे भंगारात गेली कोणाला माहीत नव्हते.

हैबतींचा मुलगा भैरवनाथ. मोठा माणूस, बायकापोरांचा धनी. वडिलांनी तारेत ओवून ठेवलेली जुनी तिकिटे घेऊन तो डेपोत आला होता, तिथून त्याला माझ्याकडे पाठवले. तेव्हापासून रविवारी भोरला आला की दुकानात माझ्या शेजारी बसायचा. त्याला मशीनवर टाईप करता येत नाही. त्याच्या मागण्या मीच टाकायचो.

२००५ च्या जून महिन्यातल्या एका रविवारी यादीत नऊ नंबरला ती पाटी आली. मला दिसली नव्हती, माझी नजर तिकिटांवर. भैरवनाथने पडद्यावर बोट ठेवले. "चाचा! ही आमची गाडी! आबाची पाटी! मागा, मागा, माज्या नावानं मागा!" मी हो म्हणालो. आणि मी आधी माझे नाव टाकले. मग त्याचे.

का, ते चार वर्षे स्वतःला विचारतो आहे. मला वाटले, पहिली घंटी मी मारली होती, माझाही हक्क आहे. असेलही. पण मागितली त्याने आधी, आणि माझ्या हातावर विश्वास ठेवून मागितली. यादीत आले: पहिली मागणी अमीर कंडक्टर, दुसरी भैरवनाथ. मी त्याला म्हटले, "नेमकी माझी आधी लागली बघ." तो म्हणाला, "असूंदे चाचा. तुमच्याकडं हाय म्हंजी घरातच हाय. आबाला घिऊन येतो एकदा बघाया." हैबती तेव्हा अंथरुणावर होते. त्यांना आणणे झाले नाही. २००७ च्या उन्हाळ्यात ते गेले. मी मयतीला गेलो होतो आणि पाटी नेली नव्हती.

सबब, सदर पाटी माझ्या मागे भैरवनाथ हैबती ढेबे याला द्यावी व वरील मजकूर त्याला वाचून दाखवावा.

पुरवणी, दिनांक २२ फेब्रुवारी २००९. वरचे सातवे कलम मी खोडत आहे. खाडाखोड माझीच आहे.

झाले असे. साक्षीदार म्हणून मला भैरवनाथच हवा होता, त्याच्याइतका सरळ माणूस माझ्या ओळखीत नाही. एक तारखेला लिहून झाल्यावर कोर्टाजवळच्या अर्जलेखकांना, रविवार म्हणून घरी गाठून, विचारले. ते म्हणाले, "कायदा काही म्हणो, ज्याला वस्तू मिळणार त्याची साक्ष नको. उद्या कोणी बोट ठेवील. एक तर साक्ष, नाही तर पाटी." मी घरी येऊन सुगराला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आत्ताच द्या की. मेल्यावर दिली म्हंजी त्याचं तोंड बघायला नको, व्हय ना?"

चाळीस वर्षांत ती इतकी बरोबर कधी बोलली नव्हती, किंवा मी ऐकले नव्हते. मी माझ्या भित्रेपणाला कायदेशीर कागदाचे कपडे घालत होतो.

त्याच संध्याकाळी भैरवनाथ आला तेव्हा पाटी काढून त्याच्यासमोर ठेवली आणि सगळे सांगितले. त्याचा चहा तसाच राहिला. म्हणाला, "आबा इचारायचा, आणली का, आणली का. मी म्हणायचो, चाचांनी आधी मागितली, आता कसं इचारायचं. नियम हाय." मग पाटी सुगराच्या जुन्या साडीत गुंडाळून, पाठीला बांधून गेला. पुढचे दोन रविवार तो दुकानात आला नाही. मी दोन्ही वेळा दहापासून दोनपर्यंत शेजारची खुर्ची धरून बसलो. मतीनने त्या खुर्चीचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत.

प्रगतीला फोन करून सांगितले, आणि गटात सर्वांसमोर लिहिले की २००५ ची नऊ नंबरची वस्तू माझी नव्हती. खाली चाळीस जणांनी काही ना काही लिहिले. एकानेही मला गटातून जा म्हटले नाही. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे, नावे लिहीत नाही, कागद पुरणार नाही.

आज सकाळी भैरवनाथ आला. स्वतःचे पेन घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "चाचा, राग गेला न्हाई अजून. खोटं कशाला बोलू. पर सही करतो. तुमी आपणहून सगळं सांगितलंत, ते कुणी सांगत न्हाई." त्याने हे सगळे, खोडलेले कलमसुद्धा, मोठ्याने वाचले. तो वाचत असताना मी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होतो आणि मला बरे वाटत होते.

सही करण्याआधी थांबला. म्हणाला, पाटी आईने दारावर लावून घेतली. त्याच्या आईला, सोजराबाईंना, अक्षर येत नाही. त्यांनी विचारले, यातले खडकमाळ कोणते? त्याने दाखवले. तेव्हापासून रोज त्या तेवढ्या अक्षरांवरून ओला फडका फिरवतात, भोर तसेच धुळीत आहे. आणि निरोप दिलाय, "पैली गाडी घिऊन आलावता त्या कंडक्टरला म्हणावं, एकडाव येऊन बघून जा. म्या कोंबडं राखून ठिवलंय."

सबब मी येत्या रविवारी, दिनांक एक मार्चला, वेल्ह्याच्या गाडीने जाणार आहे व खचलेल्या घाटापासून पुढे चालणार आहे. डॉक्टरांनी चालू नका म्हटले आहे, त्यांना सांगू नये. हा कागद मतीनने कपाटात ठेवावा. रविवारपर्यंत तो उघडायची वेळ कोणावर येणार नाही, याची जबाबदारी माझी.

वरील मजकूर वाचून, समजून, राजीखुषीने सही केली.

(सही) अमीर इमाम आतार

साक्षीदार
१. (सही) भैरवनाथ हैबती ढेबे, रा. खडकमाळ, ता. वेल्हे. मला या कागदाने काही मिळत नाही. जे मिळायचे ते मिळाले.
२. (सही) भिमा कोंडे, निवृत्त ड्रायव्हर, रा. उत्रोली, ता. भोर. लोणचे मिळते, ते मंजूर.

ठिकाण: भोर
दिनांक: २२ फेब्रुवारी २००९