पडद्यामागची पेटी

अकोला, ता. १२ फेब्रुवारी १९२९

ती. शेषरावदादास,

वच्छलाचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. मळ्यातली पानं पोचली, शेजारच्या हलीमाबींनाही दिली. वहिनीचा खोकला कसा आहे?

तुझं पत्र वाचलं. बहीण रोज नत्थुजींच्या सिनेमाच्या तंबूत जाते, म्हणून अंजनगावात तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणतोस. मला न्यायला गाडी पाठवू नकोस. मी येणार नाही.

तंबूत बायकांची बैठक पडद्यामागे असते. तिकडून चित्र उलटं दिसतं, मधे येणाऱ्या पाट्यांवरची अक्षरंही उलटी. म्हणून मी चेहरे बघते. रडू फुटायच्या आधी डोळे थांबतात, तिथे सूर थांबवायचा. घोड्याच्या आधी धूळ दिसते, तेव्हाच चाल पळवायची. चित्र मुकं बिचारं, त्याचं बोलणं पेटीनंच बोलायचं.

गेल्या बाजाराला तू चित्र बघून गेलास, आम्हाला न भेटताच. नवरी सासरी निघाली तिथे रडलास म्हणे. यांच्या, तुमच्या जावयाच्या, पेटीची तारीफ लिहिलीस आणि विचारलंस, आपल्या आईची जात्यावरची ओवी त्यांना कुठून कळली?

त्यांना नाही कळली, दादा. दिवाळीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तो हात लुळा पडला. तुला कळवलं नाही, कारण तू दोघांनाही उचलून नेलं असतंस. तेव्हापासून ते पुढे अंधारात बसून एका जुन्या पेटीचा नुसता भाता हलवतात. खरी पेटी मी वाजवते, पडद्यामागून. शिकवलं त्यांनीच.

पाटीवर ‘थाटाचं लग्न’ लिहिलं होतं म्हणे. ती उलटी अक्षरं वाचता आली असती तर मीही वाजंत्रीची चाल धरली असती. मला फक्त त्या पोरीचा चेहरा दिसला आणि बोटं ओवीवर गेली. चुकलं म्हणून घाबरले, तोच पुरुषांकडून हुंदके ऐकू आले. त्यात तुझाही होता, हे आत्ता कळलं. फार बरं वाटलं.

खेळ सुटल्यावर नत्थुजी म्हणाले, “बाई, मांगं लपून काहून बसता? समोर या.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “जाय. मले लाज नाही वाटत.”

शनिवारपासून मी पडद्यापुढे, नबीमियाँच्या तबल्याशेजारी बसणार. टांग्यावरून दवंडी फिरेल, ‘पेटीवर अंजनगावच्या वच्छलाबाई.’ गावाचं नाव मीच घालायला सांगितलं. गावाला लाज वाटली तर वाटो. तुला वाटली तर येऊ नकोस. नाही वाटली तर अगदी पुढे बस, आणि या खेपेला भेटून जा.

तुझी धाकटी बहीण,
वच्छला पेटीवाली