पाटीवर काय लिहू?

गंगापूर रोड, नाशिक
४ ऑगस्ट १९९७

ती. मैनाअक्कास,
नवसाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही बरे. तुझ्या गुडघ्याचं कळव. आता कामाचं ऐक. मी झाडलोट करते त्या शाळेच्या औषधी बागेत एक रोप उगवलंय. लावलं कुणी नाय. पान करवती, खालून पांढुरकं. गुरुजी पुस्तक उघडून म्हणाले, ब्राह्मी. चित्रात पान गोल! छायाबाई म्हणती सब्जा. पुंजा माळी म्हणतो, गवत हाय, उपटा. खरं कुणाचं धरू?

परवा शाळेतली निकिता पडली, गुडघा फुटला. माझ्या हातानं आपसूक तोच पाला चुरगळून लावला. रक्त थांबलं. मोठ्या बाई माझ्यावरच खेकसल्या, विषारी असता तर? मी का लावला, मलाच कळंना. वास ओळखीचा वाटतो, पण कुठला?

पंधरा ऑगस्टला पाहुणे येणार. प्रत्येक झाडाला नावाची पाटी पायजे, बिननावाचं उपटायचं. आत पान घातलंय. आंतरदेशीयात काही घालू नये असं छापलंय, तेवढं वाचता येतं मला, तरी घातलं. लवकर कळव, माया पातळ करू नको.

तुझी नवसा

इगतपुरी
९ ऑगस्ट १९९७

चि. सौ. नवसाबाईस,
अनेक आशीर्वाद.

पानाचा काळा चुरा पोचला. वास घेतला आन रडूच आलं. अगं येडे, आईचा पाला हाय तो! आपण पडलो की बांधावरून आणून लावायची. मे महिन्यात माहेराहून तुमच्या बागेला शेणखताची गोणी धाडली, त्यातून बी आलं असंल.

नाव मला ठाऊक नाय. तोडताना नाव घेतलं की गुण जातो, म्हणून आईनं कधी उच्चारलंच नाय. गावाकडच्या भागीकाकूला विचारलं, तिनंही कानाला हात लावले. आपल्या माहेरी पिंपळगावला आता बांध मोडून द्राक्षं लावलीत, तिथं काडी उरली नाय. उपटू देशील तर तोंड दाखवू नको. पोरांना आशीर्वाद, मावशीला विसरू नका म्हणावं.

मैनाअक्का

गंगापूर रोड, नाशिक
१६ ऑगस्ट १९९७

ती. अक्कास,
शि. सा. न.

रोप जागेवर हाय. पाटी मीच खडूनं लिहिली: ‘तानुबाई. रक्त थांबते.’ मोठ्या बाईंनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात? म्हटलं, पुस्तकात नाय, माझ्या आईला ठाऊक होतं. पाहुण्यांनी मान डोलावली, वहीत उतरवून घेतलं. मग बाईंनी पाटी राहू दिली.

खरं नाव काय, ते अजून कळलं नाय. गुरुजी रोज नवं सांगतात. नाव लिहिल्यानं गुण जाईल का, याची धास्ती वाटली. मग म्हटलं, पाल्याचं नाव कुठं घेतलंय? आईचं घेतलंय.

बी धरलं की धाडते, तुझ्या अंगणात लाव. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी नवसा