नांदेडकर डावीकडून येतात

२४ जून
पोचलो. संस्थेनं चोपन्नाव्या वर्षी बदली केली, म्हणून लातूर सोडून नांदेड. सामान उतरलं, देव मांडले, शाळेत हजर झालो. सगळं ठीक. पण ही माणसं गाडी चालवतात की जुना सूड उगवतात? घर ते शाळा तीन किलोमीटर — तेवढ्यात चौघांनी माझा जीव घ्यायचा प्रयत्न केला! मी लातूरच्या गंजगोलाईत बावीस वर्षं स्कूटर फिरवली. सोळा रस्ते एका जागी येतात तिथं! साधा ओरखडा नाही.
मंजुश्रीला सांगितलं. म्हणाली, "बावीस वर्षं गोल फिरलात. आता सरळ चालवायला जड जाणारच की."
बायको आहे. काय बोलणार.

२७ जून
विज्ञानाचा मास्तर आहे, निरीक्षण केल्याशिवाय राहवत नाही. चार दिवसांचा निष्कर्ष: नांदेडकर डावीकडून येतो. उजवीकडचा माणूस दुरून दिसतो, हॉर्न मारतो, शिवी देतो — म्हणजे रीतसर येतो. डावीकडचा जमिनीतून उगवतो. आत्ता नव्हता, आत्ता आहे!

३ जुलै
शेजारी राघवेंद्रराव. जन्म इथल्याच वजिराबादेत, नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात, पान खात सल्ले द्यायची हौस. आज संध्याकाळी गेटवर उभं राहून शिकवणी घेतली माझी.
"सर, इथं इंडिकेटर बघायचा नाही. तो बंद करायचा राहून गेलेला असतो. माणसाची मान बघायची. मान जिकडं, गाडी तिकडं."
"आणि मान सरळ असली तर?"
"मग तो मोबाईलवर बोलून राहिला. थांबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं."
हसलो. पण मान दिसायला आधी माणूस दिसावा लागतो ना! तो तर थेट चाकाजवळच प्रकट होतो.

१३ जुलै
आज कुणीच आडवं आलं नाही. रविवार. घराबाहेर पडलोच नाही.
तरी स्वयंपाकघराची चौकट खांद्याला लागलीच. ह्या गावची दारंसुद्धा अंगावर येतात!

२१ जुलै
वर्कशॉप कॉर्नरला एका ऑटोवाल्याशी जुंपली. मी सरळ चाललो होतो — सभ्य माणसासारखा — आणि हा डावीकडून शिरला. ब्रेक दाबले म्हणून वाचलो. तो मान बाहेर काढून माझ्यावरच डाफरला: "ओ चच्चा! हात दिखाया ना मैं! देखे नै?"
म्हणालो, "कधी दाखवला?"
"कब का दिखा रा! आधा मिनट हो गया!"
मागं बसलेल्या दोन बायका त्याच्याच बाजूनं. एक म्हणाली, "दाखवलता हो काका, आमी बगितलं." ऑटोत बसलं की माणूस ऑटोवाल्याचा होतो, हेही निरीक्षण टिपून ठेवतो.
घरी येऊन मंजुश्रीसमोर सगळी लढाई पुन्हा लढलो. तिनं भाकरी थापत ऐकून घेतलं. म्हणाली, "आवो, सगळं गाव खोटं बोलून राहिलं का?"
हाव. सगळं गाव.

२ ऑगस्ट
राघवेंद्ररावांची गाडी दुरुस्तीला. म्हणालो, बसा मागं, कॉलेजला सोडतो. एरवी तोंड न मिटणारा माणूस — अर्ध्या रस्त्यात गप्प. मग नुसतंच, "सर... सर... सर, टेम्पो!" आयटीआयच्या अलीकडंच उतरले. म्हणाले, "इथून चालत जातो. डॉक्टरनं चालायला सांगितलंय."
ह्या माणसाला डॉक्टरनं काही सांगितलेलं नाही. पान खायचं असणार, टपरी समोरच होती.

२२ ऑगस्ट
पोळा. शाळेतून येताना तरोड्याकडं रस्ता बैलांनी भरलेला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. एक जोडी माझ्या डावीकडून आली — आणि मला आधीच कळलं! घुंगरं ऐकली, थांबलो, वाट दिली. बैलानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, डुलत गेला.
मंजुश्रीला म्हणालो, आख्ख्या नांदेडात रस्त्यावर वागायची रीत कळते ती फक्त बैलांना. कळवून येतात.
ती हसली नाही. पुरणपोळी वाढली आणि कितीतरी वेळ माझ्याकडं बघत बसली.

३० ऑगस्ट
जमलं! दोन महिने लागले, पण नांदेड मला सवयीचं झालं. माझी पद्धत अशी: वेग वीसच्या वर नाही. प्रत्येक डाव्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न. मान सारखी डावीकडं वळवायची, बगळ्यासारखी. शाळेत पोरांनी माझं नाव 'हॉर्नवाले सर' ठेवलंय. ठेवू द्या. आठ दिवसांत एकही प्रसंग नाही.
सांगितलं घरी. मंजुश्री म्हणाली, "मान लई वळवून राहिले तुमी. लातूरला असं नव्हतं."
लातूरला गरजच नव्हती.

९ सप्टेंबर
शाळा सुटल्यावर कोथिंबीर घ्यायला तरोडा नाक्याजवळ गाडी कडेला घेत होतो. वेग काहीच नाही. आणि डावीकडून बाई आली. धडकलो. ती पडली, टोपली उलटली, मेथीच्या जुड्या चाकाखाली. साठीची बाई — भामाबाई, कोपऱ्यावर भाजी विकते. हात धरून कण्हत होती.
माणसं जमली. मी म्हणालो, "मावशी, अशा अचानक मधे कशाला आलात?"
तिनं माझ्याकडं असं बघितलं! "मी आले? डोळं हायत का बटनं? मी हितंच हुबी हुती की रं मास्तरा! सकाळधरनं हितंच हाय!"
कुणीतरी म्हणालं, हो सर, मावशी जागची हललीच नाही.
ऑटोत घालून दवाखान्यात नेली. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर. मंजुश्री धावत आली, तिच्याजवळ बसली, पाणी पाजलं. मी कॉरिडॉरमध्ये उभा. आत जायचं धाडस झालं नाही.

१० सप्टेंबर
भामाबाईकडं जाऊन आलो. सून भाजीवर बसली होती, बाई घरात. पाया पडलो. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पन गाडी नगं चालवू बाबा. माझा हातच मोडला. उद्या एकांदं लेकरू आसंल."
घरी आलो तर गाडीची किल्ली खुंटीवर नाही. मंजुश्रीनं लपवलीय. विचारलं तर म्हणाली, "आधी डोळे दाखवायचे. मग भांडा माझ्याशी."
भांडलो नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, एवढंच म्हणालो. मला दिवसभर एकच ऐकू येतंय — हितंच हुबी हुती.

१३ सप्टेंबर
डॉक्टरीणबाईंनी एका मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवलं. उजव्या डोळ्यावर पट्टी. हातात बटण दिलं. समोर बघत राहा, उजेडाचा ठिपका दिसला की दाबा. दोन-चार दिसले, दाबलं. मग येईनातच. वाट बघत बसलो. शेवटी म्हणालो, "मॅडम, मशीन बंद पडलं वाटतं."
त्या हळूच म्हणाल्या, "सर, ठिपके सुरूच आहेत."
काचबिंदू. डावा डोळा बराच गेलाय, उजव्यात सुरुवात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांवर राखायचं. किती दिवसांपासून, विचारलं. तीन-चार वर्षं तरी, म्हणाल्या. म्हणजे लातूरपासूनच. तिथं रस्ता पाठ होता, एवढंच.
दवाखान्यातून चालत निघालो. रस्ता लागला तशी मंजुश्री माझ्या मागून वळसा घेऊन डाव्या बाजूला आली आणि माझं कोपर धरलं. ती तिथं आहे हे मला हातामुळं कळलं.