भुंगेरा बाहेर पडेपर्यंत

१० फेब्रुवारी
थिसिस यंदा संपणारच. नववं वर्ष लागलं, पण विषयच तेवढा खोल आहे. पाइनचा ओंडका लॅबमधून घरी पार्श्याला आणला. लॅबमध्ये लोक फार प्रश्न विचारतात. आत भुंगेऱ्याची अळी, भोवती सूत्रकृमी, धाग्यासारखे सूक्ष्म जंत. जाळी लावून पडवीत ठेवला. गाइड सत्यवती मॅडमना कळवलं: सगळं कंट्रोलमध्ये.

१८ फेब्रुवारी, सकाळ
सूत्रकृमींना घाई नसते. भुंगेरा कोषात असेपर्यंत भोवती जमून राहतात. तो तयार झाला की आणखी एक कात टाकतात, त्याच्या श्वासनळ्यांत शिरतात आणि फुकटात दुसऱ्या झाडावर. तो क्षण मला पकडायचाय. नोंदी नाहीत, कारण क्षणच आलेला नाही.
आई म्हणाली, होळयेक घरटी एक लाकूड दिवचा लागता, फाटल्या काजीचा फोडून ठेव. मागच्या काजूचं लाकूड उद्या फोडतो म्हटलं. आत्ता वाचन.

२७ फेब्रुवारी
वाचन नाही. मांद्र्याला मित्राकडे गेलो. मेंदूला विश्रांती लागते. ओंडक्यातून भुसा पडतोय. उत्तम लक्षण. मॅडमचा मेल: ही शेवटची मुदतवाढ, दुसरा ओंडका मिळणार नाही. दुसरा लागतोय कशाला?
लाकूड: उद्या.

७ मार्च
पाठ धरली. काजू राहिला. उद्यापासून पहाटे उठून ओंडक्याजवळ बसणार.

८ मार्च, साडेनऊ
उठलो. भुंगेरा अजून उठला नव्हता.

१३ मार्च, संध्याकाळ
मांद्र्याहून आलो तर पडवीत नुसती जाळी. वाड्यावरचे गोकुळदासकाका होळीची लाकडं गोळा करत आले होते. आई म्हणाली, तू काय फोडूक नाय, मगे तेंका रित्या हातान कसा धाडू? होता ता दिलंय. जाळी तिने काढून ठेवली होती, कामाची म्हणून.
धावलो. ओंडका ढिगाच्या अगदी तळाशी. काकांना सांगितलं, त्यात माझा थिसिस आहे. ते म्हणाले, होळयेक दिल्ला परत घेवक जायना, आनी आवशीन तुज्या नावान दिल्ला. हातात नारळ ठेवला. होळी पेटली, मी तो आत टाकला. पाइनचा वास छान सुटला, सगळे म्हणाले. मला काहीच वाटलं नाही.

१४ मार्च
मॅडमचा फोन. भुंगेरा निघाला का? नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, पीएचडीच्या यादीतून तुमचं नाव कमी करावं लागेल. बरं म्हटलं.
आईने विचारलं, मॅडमचो फोन मरे? संपला तुजा शिकप?
संपलं म्हटलं.
तिने देवापुढे गूळ ठेवला. मग त्यातला खडा माझ्या हातावर दिला. खाल्ला.